पाच नंबरचा सांधा

रविवार, ४ फेब्रुवारी, सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटे

ती. मामा,

हे पत्र लिहायला बसण्याआधी मी तुमच्या वरच्या खोलीत टेबलाखाली उताणा पडलो होतो. दातात टॉर्च धरून पाच नंबरच्या सांध्याखाली भोक पाडत होतो. तुम्ही सांगितलंत म्हणून पाडलं. माझी इच्छा नव्हती, हे आधीच लिहून ठेवतो.

फोनवर तुमचं बोलणं मला अजून नीट कळत नाही आणि तुम्ही चिडून फोन ठेवता. म्हणून पत्र. अर्धांगाच्या झटक्यानंतर तुम्ही ताईकडे औषधपाण्याला गेलात, मामी तिची वाचनालयाची नोकरी संपेपर्यंत इथेच राहणार, आणि मी माझ्या दुकानाच्या सुट्टीला येऊन तुमची टेबलावरची छोटी रेल्वे सांभाळायची, असं ठरलं होतं. सांभाळायची ठरली होती, मामा. विकायची ठरली नव्हती.

बावीस वर्षं तुम्ही फळ्या कापल्या, रूळ ठोकले, डबे हाताने रंगवले. आणि ती दातांच्या डॉक्टरांना द्यायची? ते परवा बघायला आले होते, टेप घेऊन. म्हणाले, "बैठकीत मावेल, पण बोगद्याचा एवढा भाग कापावा लागेल." मी म्हटलं, "बोगदा कापला तर गाडी कुठून जाईल?" तर म्हणाले, "बाहेरून जाईल की!" मामा, बाहेरून! आणि हे बोलताना त्यांचं कोपर वरच्या स्टेशनच्या छपरावर होतं. छप्पर मी नंतर चिकटवलं. त्यांना सोफ्यावर बसून गाडी चालवायची आहे, म्हणून सातही सांध्यांना मोटर हवी. ज्याला उठून उभं राहण्याचा कंटाळा, त्याने रेल्वे कशाला घ्यावी?

असो. काम मात्र मी वाकडं करणार नाही. लांबून कळावं म्हणून सविस्तर लिहितो. तुमची पद्धत अशी होती: रूळ बदलणाऱ्या सांध्याला सायकलचा स्पोक, स्पोकला टेबलाच्या कडेशी लाकडी खुंटी. खुंटी ओढली की गाडी वळणाच्या रुळावर. सोडली की स्प्रिंग सांधा परत सरळ करायची. म्हणून तुम्ही मला शिकवलंत की शेवटचा डबा जाईपर्यंत खुंटीवरचा हात काढायचा नाही. मी एकदा आठव्या डब्याला हात काढला, तेव्हा मागचे सहा डबे जमिनीवर आणि तुमची फूटपट्टी माझ्या बोटांवर.

मोटरचं तसं नाही. तिच्यात तारेची दोन वेटोळी असतात, त्यांना कॉइल म्हणतात. एक सरळसाठी, एक वळणासाठी, आणि दोघींना एकेक बटण. बटणाला टिचकी मारायची. कॉइल आतला दांडा खेचते, सांधा फिरतो आणि तिथेच राहतो. बोट लगेच काढायचं. दाबून धरलं तर कॉइल तापून जळते. खोक्यावर लाल अक्षरांत तसं लिहिलं आहे. मी दोनदा वाचलं.

तुमच्या स्प्रिंगा काढून डबीत ठेवल्या आहेत. खुंट्या काढवल्या नाहीत, त्या जागेवरच आहेत. ड्रिल, खोकी, तारांची भेंडोळी जिन्यात ठेवली आहेत. मामी जिन्याखाली उभी होती. म्हणाली, "कधी हलणार हा पसारा एकदाचा?" मी खाली मान घालून वर गेलो.

तुमचा भाचा


९ फेब्रुवारी

चि. धसक्या,

डाव्या हाताने लिहितोय. अक्षरावर बोलायचं नाही.

रेल्वे माझी. विकणार मी. तुला राग यायचं कारण नाही. मामीला ती खोली हवी आहे. किती वर्षं ऐकतोय. आता घेऊ दे तिला. बयाणा घेऊन झालाय, तेव्हा तोंड बंद ठेवून मोटरी लाव.

टिचकी मारून सांधा बदलायचा म्हणे. डास आहे का तो? सांधा बदलला की गाडी पूर्ण जाईपर्यंत माणसाने तिथे उभं राहायचं असतं. बटणवाल्याला काय त्याचं! दाबलं आणि निघाला. पण घेणाऱ्याला तसंच हवं आहे. दे तसंच.

हात आता पुष्कळ बरा आहे.

मामा

ता. क. ताई लिहितेय. हात बरा आहे यावर विश्वास ठेवू नकोस. उजव्या हातात चमचा राहत नाही. काल बाबा खिडकीशी उभे राहून हवेतच खुंटी ओढल्यासारखं करत होते. मी आले तर म्हणाले, माशी हाकलत होतो. घरात एक माशी नाही.


रविवार, २५ फेब्रुवारी

ती. मामा,

आज मी रागाच्या भरात लिहितो आहे, म्हणून अक्षर नेहमीसारखं नाही. क्षमा असावी.

सातही मोटरी दहा तारखेला लावून झाल्या. प्रत्येक सांधा मी पन्नास वेळा फिरवून पाहिला. एकही अडकला नाही. एकही मोटर गरम झाली नाही. पुढच्या सुट्टीला आलो तर पाच नंबर मुका. टेबलाखाली डोकं घातलं तर जळक्या वार्निशचा वास.

मोटर काढून जिथून घेतली त्या दुकानात नेली. तुम्ही त्या दुकानदाराला ओळखता, चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधणारा. त्याने मोटर नाकाशी धरली आणि म्हणाला, "बटणावर झोपला होतास का?"

मी म्हटलं, "मी आठ वर्षं पंखे आणि मिक्सर दुरुस्त करतोय. बटण कसं दाबायचं ते मला शिकवू नका. माल खराब आहे तुमचा."

"माल खराब असता तर पहिल्या दिवशी बोंबलला असता. ही भाजून मारलेली आहे बाळा. हळूहळू."

"मग मी खोटं बोलतो का?"

"मी कुठे तसं म्हटलं? तू म्हणतोस मी दाबलं नाही. मोटर म्हणते कोणीतरी दाबलं. तुम्ही दोघं आपसात मिटवा आणि मला नव्या मोटरचे पैसे द्या."

दुकानातली दोन गिऱ्हाइकं हसली. मी पैसे दिले. मला घरी येईपर्यंत चांगली उत्तरं सुचत होती, पण तोवर दुकान मागे राहिलं होतं.

नवी मोटर लावली. मामा, काल आलो तर तीही गेली! तोच पाच नंबर!

आता ऐका. मी खोलीची नीट पाहणी केली. बटणांच्या पाटीशेजारी कपाचा गोल डाग आहे. स्वयंपाकघरातली खुर्ची वर आली आहे. आणि मालगाडी मी खालच्या स्टेशनात उभी केली होती, ती बोगद्याच्या तोंडाशी आहे. यावरून एकच अर्थ निघतो. मामी खोलीची साफसफाई करते, फडकं मारताना गाडी हाताने ढकलते, आणि कप, डबे, जे हातात असेल ते बटणांवर ठेवून देते. ज्यांना खोली रिकामी हवी आहे त्यांना बटणांचं काय! पण माझं काम आहे हो ते. टेबलाखाली तारा जोडताना मानेवर वितळलेलं कथील सांडून घेतलं आहे मी. अजून फोड आहे.

मी दारावर चिठ्ठी चिकटवली आहे: "कृपया बटणांवर कोणतीही वस्तू ठेवू नये. आज्ञेवरून."

तुमचा भाचा


१ मार्च

चि. धसक्या,

माझ्या घरात माझ्या बायकोला आज्ञा करणारा तू कोण? चिठ्ठी काढ. आजच्या आज.

आणि पुढच्याचं उत्तर दे, भाषण नको. पाच नंबरची कोणती कॉइल जळली? सरळची की वळणाची? दोन्ही वेळा तीच? मालगाडीला डबे किती जोडले होते? बोगद्याच्या तोंडाशी म्हणजे कोणत्या बाजूला, चढाच्या की उताराच्या?

मामा


५ मार्च

ती. मामा,

चिठ्ठी काढायला गेलो, पण ती आधीच कोणीतरी काढली होती. मामी मला पाहून एक शब्द बोलली नाही. तिचं बोलणं मला झोंबतं, पण न बोलणं त्याहून जास्त झोंबतं, हे काल कळलं.

उत्तरं: दोन्ही वेळा वळणाची. मालगाडीला मी सहा डबे ठेवले होते, आता चौदा आहेत. उरलेले आठ कपाटातल्या खोक्यात होते. ते पुसून, सरळ जोडलेले आहेत, एकाचाही आकडा निसटलेला नाही. उभी आहे ती चढाच्या बाजूला, वर जाण्याच्या तोंडावर.

आणि आता दोन नंबरही जळला. वळणाचीच कॉइल. सरळच्या सातही जशाच्या तशा, नव्यासारख्या.

मला काही कळेनासं झालं आहे. तुम्ही भाषण नको म्हणालात म्हणून थांबतो.

तुमचा भाचा


९ मार्च

धसक्या,

पंखेवाला आहेस, डोकं वापर.

कप बटणांवर ठेवला असता तर सरळचीही कधीतरी जळली असती. कपाला सरळ आणि वळण कळत नाही. फक्त वळणाची जळते. खुंटी कधी धरून ठेवावी लागायची? वळणाला. सरळला सोडून द्यायची.

चौदा डबे घेऊन मालगाडी चढ चढते तेव्हा पहिल्यांदा दोन नंबर लागतो, मग पाच. पाचवर ती सगळ्यात हळू असते. शेवटचा डबा जाईपर्यंत तिथे कोणीतरी बोट ठेवून उभं आहे. टिचकी नाही मारत. धरून ठेवतं. जसं धरायला पाहिजे तसं.

तुला मी शिकवलं. तू आठव्या डब्याला सोडलंस. तिला मी कधी शिकवलं नाही.

बावीस वर्षांत एकदा तरी सांगावं की नाही माणसाने! मला वाटायचं ती दारात रिकाम्या कपासाठी थांबते.

तिला पत्र टाकलंय. डॉक्टरांचं आत्ता काही बोलू नकोस.

मामा


१५ मार्च

भाचेसाहेब,

समोर बोलले असते. पण तू समोर आलास की खाली मान घालून जिना चढतोस, आणि तुम्हा मामा-भाच्याला कागदावरचंच कळतं असं दिसतं. तेव्हा घ्या कागद.

तुमची चिठ्ठी मिळाली. 'आज्ञेवरून'. कोणाच्या? या घरात सध्या मी एकटी राहते. मी अशी आज्ञा दिल्याचं मला तरी आठवत नाही. शुद्धलेखन चांगलं आहे, तेवढं मान्य.

बटणांवर वस्तू नव्हती. बोट होतं. माझं.

तुझ्या मामांचंही पत्र आलं. लग्नानंतर मला आलेलं त्यांचं पहिलं पत्र. तब्येतीचा शब्द नाही, माझी चौकशी नाही. एक ओळ: 'पाच नंबरवर बोट तू ठेवतेस का?' हो, ठेवते! पुढे?

बावीस वर्षं मी त्या दारात चहा घेऊन उभी राहिले. "आत येऊ नकोस, फळी हलते." फळी हलते! मी बाई आहे की रोडरोलर? बरं, नाही आले आत. पण डोळे तर बांधले नव्हते ना माझे. मालगाडी कधी सोडायची, कुठे हळू करायची, कोणती खुंटी किती वेळ धरायची, सगळं त्या दारात उभ्याउभ्या पाठ झालं. त्यांचा अर्धा चहा गार व्हायचा, माझा पूर्ण.

ते ताईकडे गेले आणि डोक्यावरून जाणारी गाडी बंद झाली. खाली जेवायला बसले की वर काही वाजतच नाही. असं घर मला सहन होईना. फडकं मारायला म्हणून वर गेले. खुंट्यांना नाही लावला हात. त्या त्यांच्या आहेत, त्यांच्या हाताने झिजून गुळगुळीत झालेल्या. पण तुझी बटणं नवी होती. ती अजून कोणाचीच झाली नव्हती.

दाबून धरलं की जळतं हे मला कोण सांगणार? मोटरी लागल्यावर लाल अक्षरांची रिकामी खोकी तू बरोबर घेऊन गेलास. एकदा तरी खाली येऊन "मामी, ही बटणं अशी चालतात" म्हणालास? तुला वाटलं, हिला काय करायचंय. मामांचाच भाचा.

आता मुख्य गोष्ट. ही रेल्वे माझ्यासाठी विकताहेत म्हणे! मला खोली हवी आहे म्हणे! एकदा म्हटलं होतं मी. एकदा. तेव्हा ताई नववीत होती आणि तिला अभ्यासाला कोपरा नव्हता. ती ताई आता स्वतःच्या मुलांना अभ्यासाला बसवते, आणि तुझे मामा अजून ते एक वाक्य घेऊन बसलेत. आणि 'कधी हलणार हा पसारा' हे मी तुझ्या जिन्यातल्या खोक्यांना म्हणत होते. दोनदा ठेच लागली मला. नख काळं झालं आहे, येऊन बघ.

उजव्या हाताने खुंटी ओढवत नाही, म्हणून विकतोय, असं सरळ म्हणावं. त्यात लाज कसली? पण तसं म्हणायचं नाही, वर माझं नाव पुढे करायचं. दातवाल्याला मी बोलावलं नाही. त्या माणसाने माझ्या स्टेशनच्या छपरावर कोपर ठेवलं होतं, मी दारातून पाहिलं. विकायचीच तर स्वतःच्या नावाने विका, आणि आधी मला विचारून.

मामांना मी दोन ओळी वेगळ्या लिहिल्या आहेत. त्या तुला कळायची गरज नाही.

दोन आणि पाच नंबर लवकर दुरुस्त कर. मालगाडी चढावर अडकून पडली आहे.

मामी


२४ मार्च

ती. मामा,

ताईचा फोन आला. तुम्ही सहा तारखेच्या गाडीने येताय हे कळलं. मामीने तुम्हाला कोणत्या दोन ओळी लिहिल्या ते मी विचारणार नाही. पण ताई म्हणाली की त्या वाचून तुम्ही आधी कपाट उघडलंत आणि बॅग काढलीत.

रेल्वे विकायची नाही हा तुमचा निरोप तिने दिला, म्हणून डॉक्टरांकडे मीच गेलो. त्यांचा बयाणा त्यांच्या हातात ठेवला. ते फार चिडले. म्हणाले, "मग मी सोफा कशाला घेतला?" मी म्हटलं, "बसायला." एवढं चांगलं उत्तर मला आयुष्यात पहिल्यांदा वेळेवर सुचलं.

आता दुरुस्तीचं. नव्या मोटरी घेऊन गेलो आणि मामीला शेजारी उभी करून समजावलं. "मामी, हे बघ. टिचकी. बोट काढ. सांधा कुठेही जात नाही, तिथेच राहतो. धरून ठेवायची गरज नाही."

ती म्हणाली, "हे तुला माहीत आहे."

"हो."

"गाडीला माहीत आहे का?"

मी म्हटलं, गाडीला कशाला माहीत असायला पाहिजे. तर म्हणाली, "शेवटचा डबा जाईपर्यंत मी बोट काढणार नाही. तुला पटत असेल तर मोटर लाव, नाहीतर तुझी खोकी उचल. जिना मोकळा होईल."

खरं सांगतो, मला संताप आला. खोक्यावर लाल अक्षरांत लिहिलेलं असताना माणूस ऐकत नाही म्हणजे काय! मी रागारागाने बसस्टॉपपर्यंत गेलो. तिथे उभं राहून विचार केला की बोट बदलणार नाही, तर वीज बदलू. सरळ दुकानात गेलो. चष्मेवाल्याने विचारलं, "मिटलं का मोटरशी?" मी त्याला सगळं सांगितलं. या वेळी तो हसला नाही. त्याने आतून एक लहान पेटी आणून दिली. तिच्यात कपॅसिटर असतो. तो वीज साठवतो, बटण दाबलं की सगळी एका दणक्यात कॉइलला देतो आणि रिकामा होतो. बोट उचलल्याशिवाय पुन्हा भरत नाही. म्हणजे सांधा पहिल्या क्षणीच फिरतो, आणि नंतर बोट कितीही वेळ राहिलं तरी कॉइल गार.

पेटी बसवली. मामीने मालगाडी सोडली. चौदा डबे. दोन नंबर, मग चढ, मग पाच. बोट बटणावर, नजर शेवटच्या डब्यावर, कप बाजूला, चहा गार. तो डबा पार झाल्यावर तिने बोट उचललं आणि मला म्हणाली, "असं असतं ते." मी टेबलाखाली जाऊन कॉइलला हात लावून पाहिला. थंडगार होती. टेबलाखालीच थोडा वेळ बसलो.

गाडीच्या वेगाचा गोल खटका मी उजव्या कडेवरून काढून डाव्या कडेला लावला आहे. एका बोटाने फिरतो. मामी म्हणते, इंजिन तुम्ही चालवायचं, सांधे तिच्याकडे. खुंट्यांना कोणीही हात लावणार नाही. आणि स्वयंपाकघरातली खुर्ची आता वरच राहील. फळी हलत नाही, मी पातळी दाखवणारी पाणसळ ठेवून पाहिली.

हिशोब खाली देतो. दोनदा बेरीज केली आहे.

मोटरी सात: २८००
जळालेल्या तीन मोटरींच्या जागी नव्या तीन: १२००
बटणं चौदा: २१०
तारा व कथील: १९०
कपॅसिटरची पेटी: ३५०
एकूण खर्च: ४७५०
तुमच्याकडून मिळाले: ३५००
तुमच्याकडून येणे: १२५०

डॉक्टरांचा बयाणा ताईने पाठवला तसा पूर्ण परत केला, पोच सोबत जोडली आहे.

जळालेल्या तीन मोटरींचे १२०० मी मामीच्या नावावर मांडले होते. तिने ते खोडून तुमच्या नावावर टाकले. म्हणाली, वेळेवर शिकवलं असतं तर जळल्या नसत्या. मला त्यात चूक दिसली नाही.

माझ्याकडून मामीला देणे: माफी एक. परवा तोंडी दिली. "बघू," म्हणाली. तूर्त बाकी धरावी.

तुमचा भाचा